संवाद कळत नाहीत

४ मे १९८६, रविवार

उकाडा असह्य. सकाळी दवाखान्यात ऊन लागलेल्यांची रांग, डॉ. दोन वाजता जेवायला आत आले. संध्याकाळी टीव्हीवरच्या सिनेमाला नेहमीची मंडळी. शेजारच्या शांताबाई, त्यांची मुलं, मागच्या बोळातल्या दोघी. सतरंजी पुरली नाही.

डॉ. वेताच्या खुर्चीत, अगदी पुढे. सारखं, "काय म्हणाला तो?" मी सांगेपर्यंत तो पुढचं म्हणून मोकळा. शेवटी म्हटलं, लोकांना पाहू द्या. तर म्हणाले, "गाणी येतात बरोबर. बोलणंच कळत नाही. डबाच भंगार दिला आपल्याला."

खिडकीतला कूलर चढावर लागलेल्या ट्रकसारखा घरघरतो. त्यात कोणाला काय कळणार?

११ मे, रविवार

सिनेमापुरता कूलर बंद ठेवला. कुरकुर झाली. शांताबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "बाई, तिकीट लावा, पण कूलर चालू ठेवा." मी ऐकलं नाही. एकदा निकाल लागू दे.

निकाल असा की मलाही संवाद नीट कळले नाहीत. जाड आवाज फाटतो, बारीक आवाज नाकातून येतो. म्हणजे दोष सेटमध्ये आहे. डॉ. विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत होते.

मेकॅनिकला निरोप धाडला.

१६ मे

मिश्रा मेकॅनिक आला. मागचं झाकण उघडून अर्धा तास बडबड. "भाभीजी, स्पीकरचा कागद फाटला ना. मग आवाज फाटणारच. उंदीर असंल, नाहीतर गर्मी." उंदीर माझ्या घरात नाहीत, हे त्याला सांगितलं. नवा स्पीकर बसवला. फरक स्पष्ट. बातम्या वाचणाऱ्या बाईचा शब्द न् शब्द कळला.

डॉ. म्हणाले, "हां, आता बरं आहे."

झालं एकदाचं.

१ जून, रविवार

झालं नव्हतं. सिनेमात डॉ.नी एकदाही काही विचारलं नाही, म्हणून मी खूश. सिनेमा संपल्यावर शांताबाईंचा मोठा मुलगा विचारत होता की डॉक्टरकाका, त्या वकिलानंच खून केला हे तुम्हाला आधीच कळलं होतं का? डॉ. म्हणाले, "कोणता वकील?"

पोरं हसली. डॉ.ही हसले. मी हसले नाही. त्यांनी विचारायचं सोडून दिलंय, कारण मी रागावते.

मग रात्री जेवताना म्हणतात, "आवाज घुमतो गं. विहिरीत बोलल्यासारखा." आता हे शक्य आहे. सेट फडताळात कोंबलेला, समोर कोऱ्या भिंती, खाली शहाबादी फरशी. कॉलेजात ध्वनी हा विषय मला सगळ्यांत जास्त आवडायचा. परावर्तन, प्रतिध्वनी, शोषण. ते शिक्षण आजवर फक्त मुलींच्या शाळेत फळ्यावर उतरवण्याच्या कामी आलं. आता घरच्या कामी येऊ दे.

५ जून

सेट फडताळातून काढून स्टुलावर ठेवला. भिंतीपासून चांगला पुढे. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून गोधड्या टांगल्या. खाली सतरंजीवर जाजम. वासुदेवनं मदत केली. वासुदेव दवाखान्यात कंपाउंडर, पण पंचवीस वर्षं घरचाच. खिळे ठोकताना एक शब्द बोलला नाही. एरवी गप्प बसत नाही.

टाळी वाजवून पाहिली. घुमणं गेलं.

८ जून, रविवार

लेक-जावई खापरखेड्याहून आले. नीला दारातच थबकली. "आई, हे काय? बाळंतिणीची खोली आहे की रेडिओ स्टेशन?"

डॉ. म्हणाले, "तुझ्या आईनं सायन्स काढलंय बाहेर. मास्तरीणबाईंसमोर बोलायची सोय नाही."

तिला ऐकवलं. तिला फरक कळला. जावयांना कळला. डॉ.ना विचारलं तर, "एकदम फस्क्लास." मग सिनेमा लागला आणि पंधरा मिनिटांत ते खुर्चीतच झोपले.

वय झालं. चौसष्ट. दिवसभर पेशंट.

२९ जून, रविवार

दुपारी दुसऱ्या प्रांतांतले सिनेमे दाखवतात, त्या वेळी बैठक रिकामी असते. त्या भाषा इथे कोणाला येतात? आज मल्याळी होता. डॉ. जेवण करून जे बसले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. ना झोप, ना जांभई. नंतर चहा घेताना मला सबंध गोष्ट सांगितली. म्हातारा नावाडी, त्याची विधवा सून, तिचा दीर. कोण काय बोललं, तेसुद्धा.

म्हटलं, "मल्याळी कधी शिकलात?"

"खाली इंग्रजीत अक्षरं येतात ना. इंग्रजी सुधारून राहिलो म्हातारपणी."

संध्याकाळी हिंदी सिनेमाला परत झोपले. हिंदी त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं.

काहीतरी बसत नाही. उद्या बघू.

१३ जुलै, रविवार

कूलर काढून माळ्यावर टाकला. घर एकदम शांत. आता तरी.

नाही. "आवाज लांबून येतो." ठीक. जुन्या रेडिओचा स्पीकर अजून चांगला होता. मिश्राकडून तार ओढवून तो डॉ.च्या खुर्चीच्या मागे, कानाच्या उंचीवर बसवला. ते खूश. गल्लीसुद्धा. शांताबाई भिंतीवरून म्हणाल्या, "बाई, आज आम्ही बातम्या आमच्या स्वयंपाकघरात ऐकल्या. पुढच्या वेळी चित्रही पाठवा."

आवाज एवढा की काचेची कपाटं थरथरतात. आणि डॉ. म्हणतात, "थोडा वाढव."

२० जुलै, रविवार

फरशी पुसताना परवा खुर्चीमागच्या स्पीकरची तार माझ्याच हातून निघाली होती. जोडायची राहून गेली. आज नीला आली तेव्हा डॉ. तिला खुर्चीत बसवून दाखवत होते. "बघ, मागून कसं स्पष्ट येतं. तुझ्या आईची करामत."

मागून काहीच येत नव्हतं.

 नीला माझ्याकडे बघत होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि तिथून, पाठ करूनच, नेहमीच्या आवाजात म्हटलं, "चहा घेणार का?" उत्तर नाही. मग दारात त्यांच्या समोर जाऊन तेच, त्याच आवाजात. "अर्धा कप," म्हणाले.

तोंड दिसलं की ऐकू येतं.

सेट मे महिन्यातच दुरुस्त झाला होता. मी दोन महिने भिंती दुरुस्त करते आहे.

२१ जुलै

रात्रभर एकच विचार, मग पेशंटच्या छातीचं काय?

२२ जुलै

सकाळी दवाखान्यात जाऊन बसले. औषधांचं कपाट लावायचं निमित्त. डॉ.ना आवडलं नाही, पण पेशंटसमोर काय बोलणार.

पेशंट आत येतो, वासुदेव त्याच्या मागे उभा राहतो आणि पेशंटनं सांगितलेलं सगळं परत मोठ्यांदा म्हणतो. "तीन दिवसांपासून ताप, साहेब! जेवण नाही, साहेब!" कोर्टातल्या पुकारणाऱ्यासारखा. डॉ. मान डोलावतात. ही पद्धत कधी सुरू झाली, मला पत्ता नाही.

हुडकेश्वरची गंगाबाई सुनेला घेऊन आली होती. सून सुनंदा, बावीस-तेवीसची, कडेवर दीड वर्षाची पोर. पंधरा दिवसांपासून खोकला, संध्याकाळी कणकण. गंगाबाई सुनेला म्हणाली, "जोरानं बोल वं. डॉक्टरसायेबाले नीट सांग." डॉ.नी पाठीवर नळी लावली. इकडे, तिकडे. श्वास घे, सोड. पूर्वी डोळे मिटून ऐकायचे, मला आठवतं. आज डोळे उघडे होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

"छाती साफ आहे. खोकल्याचं औषध देतो. रक्त कमी आहे, टॉनिक दे हिला."

पेशंट गेल्यावर वासुदेवला बाजूला घेतलं. "कधीपासून?"

"बाई, दोन-अडीच वर्ष झाले असतील. मी सांभाळून घेतो ना. सायेबाचा हात चांगला आहे. लोक बी समजतात."

"नळीतलं कोण सांभाळतं?"

त्यानं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला घेतल्या.

२७ जुलै, रविवार

लग्नानंतर पहिल्या वर्षी, भाड्याच्या खोलीत, डॉ. मला एक गंमत सांगायचे. न्यूमोनियात छातीत जी बारीक चरचर ऐकू येते ना, ती कशी असते सांगू? आणि माझ्या कानापाशी माझेच केस दोन बोटांत चोळायचे. हा तो आवाज. हा ऐकू आला की डॉक्टर जागा होतो.

आज दुपारी ते पेपर वाचत होते. मागे उभी राहिले. कपाळावरची बट काढून त्यांच्या कानापाशी नेली, दोन बोटांत चोळली. माझ्या कानाला ती चरचर हातभर अंतरावरूनही ऐकू येत होती.

"काय करून राहिली? ढेकूण आहे का खुर्चीत?"

पुढे जाऊन त्यांच्या समोर उभी राहिले. परत केस चोळले, आता त्यांना दिसेल असे. दुसऱ्या कानापाशीही.

"हे ऐकू येतं?"

ते बघत राहिले. पेपर खाली ठेवला. आपल्या कानापाशी आपलेच पांढरे केस धरून चोळले. एकदा, परत एकदा. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"पंखा चालू आहे," म्हणाले.

मी जाऊन पंखा बंद केला. त्यांनी परत करून पाहिलं नाही.

२८ जुलै

जेवताना पेपर तोंडासमोर. दवाखान्यात वेळेवर गेले.

३० जुलै

आज त्यांनी तोंड उघडलं. पूर्ण भांडण. मी म्हटलं, त्या सुनेला परत बोलवा, छातीचा फोटो काढायला पाठवा. "कोणती?" गंगाबाईची. "तिची छाती साफ होती." तुम्हाला कसं कळलं? "चाळीस वर्षं करून राहिलो हे. नाडी बघतो, जीभ बघतो, चेहरा बघतो. नळी म्हणजे सगळं नाही. आणि नळीतून आवाज थेट कानात जातो, तिथे काही कूलर नाही."

मी म्हटलं, केसांचं काय?

"तू मला शिकवू नको," म्हणाले. एवढ्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा.

३१ जुलै

वासुदेवला सायकलवर हुडकेश्वरला पाठवलं. निरोप मीच सांगितला: "डॉक्टरांनी एकदा परत दाखवायला बोलावलंय, सवडीनं या." 'सवडीनं' हा शब्द माझा. डॉक्टरांना ऐकू येत नाही असं कंपाउंडरच्या तोंडून गावभर कसं पाठवणार?

परत आला. "औषधानं उतार आहे म्हणे. वावरात निंदण चालू हाय, बाया भेटत नाहीत. पोळा झाला का येतील."

पोळ्याला महिना आहे. (समासात, सप्टेंबर: मला तेव्हाच परत पाठवायला हवं होतं त्याला.)

१० ऑगस्ट, रविवार

टीव्ही लावला नाही. शांताबाईंची मुलं दारात येऊन परत गेली. भिंतीवरच्या गोधड्या काढल्या. खिळ्यांची भोकं दिसतात.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं. "मशीन लावून बसू? खिशात डबा, कानात तार, आणि त्यावर नळी कुठे लावू? नाकात?" हसले स्वतःच. पुढे म्हणाले, "सांगतो तुला. दिवाळीनंतर कमी करतो पेशंट."

२४ ऑगस्ट, रविवार

दुपारी बंगाली सिनेमा. डॉ.नी स्वतः सेट लावला. आवाज पूर्ण बंद करून पाहत होते. मी आत गेले तेव्हा मागे वळून म्हणाले, "असंच बरं वाटतं. धडपड नाही."

त्यांच्या शेजारी बसले. दोघांनी वाचला सिनेमा.

४ सप्टेंबर

पोळा. दवाखान्यात शुकशुकाट. बैलांच्या झुली, गोंडे, रस्त्याला जत्रा. हुडकेश्वरहून कोणी आलं नाही.

८ सप्टेंबर

गंगाबाईचा मुलगा आला, सुनंदाचा नवरा. डोळे लाल. शनिवारी सुनंदाला मोठ्या इस्पितळात भरती केलं. श्वास लागला होता, ओठ निळे पडले होते. फोटोत दोन्ही फुप्फुसं बाधलेली. एका बाजूला पाणी.

तो तक्रार करायला आला नव्हता. डॉ.ना विचारायला आला होता की तिथले डॉक्टर सुई घालून पाणी काढायचं म्हणतात, काढू द्यायचं का?

डॉ.नी त्याच्या तोंडाकडे बघत सगळं ऐकलं. "काढू दे. ताबडतोब काढू दे. थांबू नको, पळ." तो पाया पडून गेला.

डॉ. जेवले नाहीत.

१० सप्टेंबर

इस्पितळात गेले. एकटीच. सुनंदा ओळखू येत नाही. नाकात नळी, पाठीला उशा. पोर आजीच्या मांडीवर झोपलेली.

वॉर्डातला तरुण डॉक्टर सभ्य. मला नातेवाईक समजला. "जुना न्यूमोनिया आहे, आजी. बरेच दिवस अंगावर काढलं. सुरुवातीला कोणी छाती तपासली नव्हती का?"

मी तोंड उघडायच्या आत गंगाबाई बोलली, अभिमानानं. "तपासली नं! आमच्या डॉक्टरसायेबानं तपासली. तवा साफ होती. मंग कोनाची नजर लागली कोन जाने."

तरुण डॉक्टरनं काहीतरी लिहिलं. 

१४ सप्टेंबर, रविवार

डॉ.ना सगळं सांगितलं, वॉर्डातलं वाक्य न् वाक्य. समोर बसून, हळू, ओठ दिसतील असं. त्यांनी एकदाही "काय?" विचारलं नाही.

 मग उठून दवाखान्यातून नळी आणली आणि माझ्या कानात घातली. दुसरं टोक स्वतःच्या छातीवर.

"ऐक. काय ऐकू येतं?"

ऐकू आलं. स्पष्ट.

"बघ. तुझे कान अजून शाबूत आहेत. सायन्सची मुलगी तू. तू ऐकायचं, मला सांगायचं. चरचर आहे की नाही, शिट्टी आहे की नाही. महिनाभरात शिकवतो. निदान मी करीन. वासुदेव बोलणं सांगतो, तू छाती सांग. चालेल."

डोळ्यांत चमक होती. मे महिन्यापासून पाहिली नव्हती.

खरं लिहिते. क्षणभर वाटलं, का नाही? नंतर वाटलं, मला काही ऐकू आलं आणि ते काय आहे हे कळलं नाही, तर मी 'साफ' म्हणेन. तेही 'साफ'च म्हणत आले.

नळी काढून त्यांच्या हातात दिली. "नाही. दवाखाना बंद करा."

"आणि काय करू? दिवसभर अक्षरं वाचू टीव्हीतली?"

 

१९ सप्टेंबर

सुनंदा आज पहाटे गेली.

२० सप्टेंबर

डॉ.नी दवाखाना उघडला नाही. दारावर वासुदेवनं खडूनं लिहिलं, आज बंद. लोक आले, वाचून गेले. एक म्हातारा पायरीवर दुपारपर्यंत बसून होता. त्याला वाचता येत नव्हतं.

२१ सप्टेंबर, रविवार

नीला आली. तिला सांगितलं. ती रडली, बापासाठी. मला रडणं आलं नाही, मला त्या पोरीचं तोंड दिसत होतं.

नीला म्हणाली, "आई, बाबांना एकदम तोडू नकोस. ते मरतील."

म्हटलं, एक जण मेलीच आहे.

ती चहा न घेता परत गेली.

२२ सप्टेंबर

डॉ.नी दवाखाना उघडला. "दसऱ्यापर्यंत. जुन्या पेशंटना सांगून, रीतसर बंद करतो. एकदम कुलूप लावलं तर लोक काय म्हणतील? काहीतरी झालं म्हणतील." झालंच आहे, म्हटलं. ते नुसते बघत राहिले. मी खाली मान घालून बोलले होते. त्यांना ऐकूच आलं नव्हतं.



२९ सप्टेंबर

ते जुन्या पेशंटना सांगत नाहीत. विचारलं वासुदेवला. एकालाही नाही. आज कोणाच्या तरी छातीला नळी लावून डोळे मिटून ऐकत होते, म्हणाला. "पैल्यासारखे."

डोळे मिटून. आता ऐकल्याचं दाखवायलाही लागले.

३ ऑक्टोबर

स्पष्ट सांगितलं. तुम्ही सांगत नसाल तर मी सांगेन. ते शांतपणे म्हणाले, "सांग. तू बाहेर बसून एकेकाला सांग. बघ किती जण उठून जातात."

मला हे आव्हान वाटलं. त्यांना खात्री होती, हे आता लिहिताना कळतंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आठला दवाखान्याच्या ओट्यावर, पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. वासुदेवनं पाहिलं आणि काही न बोलता आत गेला. डॉ.ही आत. दाराला पडदा.

पहिला आला तो कन्हानकडचा, डॉ.च्या गावचा. गुडघे दुखतात. त्याला सोडलं, गुडघ्याला कान लागत नाहीत.

दुसरी आली गंगाबाई.

पांढरं लुगडं, कडेवर ती पोर. पोर खोकत होती. कोरडा, बारीक खोकला, खोकून झाला की तोंड वासून श्वास घ्यायची. गंगाबाई माझ्या शेजारी टेकली, जरा अंग चोरून, बाकावर मी बसलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

"काहून बाई, तुमची बी तब्येत बरी नाई का?"

"माझी बरी आहे. हिला केव्हापासून?"

"चार दिस झाले. रातच्याला लई खोकते. म्हनलं आपल्या सायेबाले दाखवाव."

रात्री झोपताना वाक्य तयार केलं होतं. शाळेत निकाल सांगायचे तसं, सरळ. तेच म्हटलं.

"गंगाबाई, डॉक्टरांना ऐकू येत नाही. हिला इथे दाखवू नकोस. मोठ्या इस्पितळात ने. आत्ता, इथूनच. रिक्षा मी करून देते."

ती हसली. खरंच हसली, लहान मुलाला समजवावं तसं.

"मालूम हाये नं, बाई. साऱ्या गावाले मालूम हाये. आज नाई, तीन साल झाले. म्हनून तं आमी जोरानं बोलतो. वासुदेवभाऊ बी सांगते. तुमी काहून मनाले लावून घेता? वय झालं का असंच होते. माहा सासरा बी बयरा होता, पन मानूस देव होता."

"बोलणं नाही, गंगाबाई. छाती."

"म्हंजे?"

"आपण जोरानं बोलू शकतो. छाती जोरानं बोलत नाही. आतला आवाज बारीक असतो. तो त्यांना येत नाही. दोन वर्षं झाली असतील."

पोर परत खोकली. गंगाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला, सवयीनं, आणि तो तसाच राहिला. फिरला नाही. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, फक्त ती माझ्याकडे बघत होती, आणि मी तिला मोजून वेळ देत होते, वर्गात उत्तर यायची वाट पाहतात तसा.

"मंग," ती म्हणाली. थांबली. "मंग तवा... आखाडात... सुनंदीची..."

"हो," मी म्हटलं.

"तुमाले मालूम होतं?"

"पाच दिवसांनी कळलं. मग वासुदेवला पाठवलं."

"तो तं म्हने सवडीनं या."

"हो. तसं मीच सांगितलं होतं."

आतून डॉ.चा आवाज येत होता, गुडघेवाल्याची थट्टा करणारा. त्यांना आपला आवाज किती मोठा झालाय हे कळत नाही, ओट्यावर सगळं ऐकू येतं. गुडघेवाला हसत बाहेर आला. पडदा सरकला. वासुदेवनं आधी मला पाहिलं, मग गंगाबाईला, आणि तरी ओरडला, रोजची सवय.

"गंगाबाई! चला, नंबर आला!"

ती उठली. पोर छातीशी धरून उभी राहिली, एक पाय उंबरठ्याकडे. आत जायची की रस्त्याकडे, मला कळेना. तिलाही कळत नसावं. मी रिक्षासाठी पदरात बांधलेले पैसे सोडत होते आणि गाठ सुटत नव्हती.

आतून डॉ. म्हणाले, "कोण आहे? येऊ द्या ना गा आत."

ती पडद्याकडे बघत उभी होती.

वासुदेवनं परत नाव घेतलं.

इथपर्यंत लिहून थांबले होते. गंगाबाई पोरीला घेऊन रिक्षानं इस्पितळाकडे गेली, पण जाताना जे ओरडली ते लिहिणं आज होणार नाही. डॉ. जेवायला बसलेत, त्यांनी दोनदा विचारलं, बाहेर ती काय ओरडत होती?

त्यांना ऐकू आलं होतं म्हणजे.

समोर जाऊन बसायचं आहे. सांगायचं आहे.